संगणकाला न दिसणारा बोर्ड

आईला दमा होता. धरणगावच्या तिच्या खोलीतली हवा मला धुळ्यात बसून कळावी, म्हणून मी छोट्या संगणकावर बसवायचा सेन्सर बोर्ड आणला. पण संगणकाला तो दिसेचना. तारा बदलल्या, प्रोग्रॅम पुन्हा टाकला, काही होईना. आई फोनवर विचारायची, "कव्हय येशी, भाऊ?"

"बोर्ड चालू झाला की घेऊनच येतो."

असे तीन रविवार गेले. चौथ्या आठवड्यात आईच गेली.

तेरावा उरकून धुळ्याला परतल्यावर बोर्ड उलटा करून पाहिला. एका पिनेचा जोड कच्चा होता, सोल्डर नीट लागलंच नव्हतं. ते लावलं आणि पडद्यावर आकडे आले. माझ्याच खोलीतल्या हवेचे. मी ते बघत कितीतरी वेळ रडलो.