नवऱ्याने हायकू वाचला त्याची गोष्ट

शनिवारी इथे आखातात, देऱ्यात आमच्या मराठी मंडळाचं कवितावाचन होतं. बटाटेवडे, चहा, सगळं नेहमीसारखं... आणि स्टेजवरून अचानक माझ्या नवऱ्याचं नाव पुकारलं!

प्रशांत साइट इंजिनिअर. घरी 'हं' आणि 'बघू' यापलीकडे फारसं बोलत नाही. हा कविता करतो? मला पत्ताच नाही...

"हायकू आहे. जपानी प्रकार, तीन ओळींचा," एवढं सांगून त्याने सुरुवात केली, "रिकामं घर..."

पहिल्या ओळीला "वा! पुन्हा!" म्हणायची आमच्या लोकांना सवयच. बिचाऱ्याने पुन्हा म्हटली.

रिकामं घर
एसीच्या पाण्यावर
तुळस उभी

सगळे पुढच्या ओळीची वाट बघतायत... निवेदन करणाऱ्या जोशी काकू म्हणाल्या, "छान! हं, पुढे?"

"खलास," प्रशांत म्हणाला.

हॉलभर हशा. त्याचे कान लाल झाले. आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर गेला आणि हे असं... मला राग यावा की कीव, तेच कळेना.

गाडीत विचारलं, "अरे, पण अर्थ काय त्याचा?" तर म्हणे, "तो सांगायचा नसतो." झालं! सांगायचा नाही तर वाचायचं कशाला?

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटवर आल्यावर तडक बाल्कनीत गेले. गेल्या उन्हाळ्यात मी आणि लेक दोन महिने नाशिकला होतो. रोज फोनवर विचारायचे, "तुळस जगलीय ना?" तो म्हणायचा, "आहे." परत आले तर खरंच हिरवीगार.

वाकून नीट पाहिलं. एसीचा पाण्याचा पाइप वळवून, तारेने बांधून कुंडीत सोडलाय. आल्यापासून बघतेय तो पाइप, एसीवाल्याने केलं असेल म्हणून सोडून दिलं होतं... हे तर याचं काम!

बरं, तुळशीचं कळलं. पण ते दोन महिने हा स्वतः घरातच होता की... मग घर रिकामं कसं?

विचारलं. "हं," म्हणाला आणि टीव्ही लावला.

हायकू मला अजून नीट कळलेला नाही. पण काल आईचा फोन आला, "यंदा उन्हाळ्यात कधी येताय गं?" एरवी मी तारीखच सांगून टाकते...

काल म्हटलं, "बघू."