डॉक्टरांची मान हलेपर्यंत

जबडा दुखतो म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, तो च्युइंगम चघळतच. सिगारेट सोडून एक्केचाळीस दिवस झाले होते आणि तेवढे दिवस माझं तोंड क्षणभर थांबलं नव्हतं. डॉक्टरांनी स्टीलची वाटी पुढे केली. म्हणाले, "आधी पुरावा काढा."

धायरीत आमच्या सोसायटीसमोर, पिठाच्या गिरणीच्या वर त्यांचा दवाखाना होता. आमची ही त्यांना 'मोजके डॉक्टर' म्हणायची. मूळचे ते यवतमाळकडचे. "पुण्यात तीस वर्षं राहिलो, कमी बोलायला शिकलो," असं एकदा त्यांनीच सांगितलं, आणि एवढं लांबलचक बोलल्याचा पश्चात्ताप लगेच त्यांच्या चेहऱ्यावर उमटला.

औषध ते जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या चतकोरावर लिहीत. त्यांनी माझा जबडा कानापाशी दाबून पाहिला, उघडमीट करायला लावला. दर वेळी आतून 'कट्' असा आवाज आला.

"दिवसाला गम किती?"

"वीसेक."

"आणि सिगारेटी किती होत्या?"

"दहा."

"म्हणजे बढती झाली."

चतकोरावर उमटलं : गम बंद. मऊ भात. गरम पाण्याचा शेक. मग माझ्यासोबत आलेल्या हिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "हे झोपेत दात खातात का?"

"झोपेत नाही," ही म्हणाली, "जागेपणीच. माझ्यावर."

चौथी ओळ वाढली : वाद बंद.

वाद सोडणं परवडलं असतं, गम सोडणं नाही. बावीस वर्षांत तीनदा सिगारेट सोडली होती आणि तिन्ही वेळा बसस्टॉपजवळच्या टपरीने मला परत पदरात घेतलं होतं. "गम सुटला तर उद्या मी टपरीवर असेन," मी खरं ते सांगून टाकलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "जबडा माझ्याकडे आणलात ना? तलफही इकडेच आणा."

तेव्हापासून ऑफिसातून आलो की टपरी ओलांडून थेट दवाखान्यात. बाकावर बसायचं, पाण्याचा घोट तोंडात धरायचा, दाताला दात लावायचा नाही आणि डॉक्टर दारातून मान हलवेपर्यंत गिळायचं नाही. तलफ पाच-सात मिनिटं घुटमळून निघून जाई. जबड्यालाही तेवढीच सुट्टी.

एकदा एका आजोबांची दाढ निघता निघेना आणि डॉक्टर मला विसरले. फुगलेले गाल घेऊन मी अर्धा तास बसून. शेजारच्या बाई कळवळून म्हणाल्या, "फारच सुजलंय हो." मी मान हलवली, उभी की आडवी ते आठवत नाही. त्यांनी आपल्या आधी मला आत पाठवलं. डॉक्टरांनी वर पाहिलं, एवढंच म्हणाले, "गिळा."

तीन महिन्यांत जबडा वाजायचा थांबला. मी मात्र जात राहिलो. तलफ नसलेल्या दिवशीसुद्धा त्या बाकावर बरं वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि यवतमाळला भावाकडे राहायला जायचं ठरवलं. निरोपाला आम्ही दोघं गेलो. मी पाठ करून आणलेलं भाषण सुरू केलं, तर त्यांनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. सवयीने मी घोट भरला, आणि भाषण तिथंच संपलं. तेवढ्यात दाराशी उभं राहून ते हिच्याशी हळूच काहीतरी बोलले. मग माझ्याकडे पाहून मान हलवली. शेवटची.

दुसऱ्या दिवशी टपरीपाशी पाय रेंगाळले. दवाखान्याला कुलूप होतं. तसाच घरी आलो, स्वयंपाकघरात घोट भरला आणि ओट्याला टेकून उभा राहिलो. आता मान कोण हलवणार, हा विचार डोळ्यांपर्यंत आला होता. ही पोळ्या करत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. एक पोळी झाली, दुसरी झाली, तिसरी, चौथी. मग तव्यावरची नजर न काढता तिनं मान हलवली. मी गिळलं.

"काल डॉक्टरांनी हे काम माझ्याकडे दिलंय," ती म्हणाली. "किती वेळ थांबवू विचारलं, तर म्हणाले, चार पोळ्या. उद्यापासून मी आठ करणार आहे. घर कसं शांत होतं."