ग्यानबामामांच्या पिकअपची वायरिंग

आमच्या कनेरगाव नाक्यावर पंक्चरवाल्याकडे गिऱ्हाईक दहा मिनिटं बसतं. माझ्याकडे, म्हणजे गाड्यांच्या वायरिंगवाल्याकडे, दोन-दोन दिवस बसतं. बसलेला माणूस बोलतो, आणि मधेमधे "झालं का?" विचारतो. त्यातूनच किस्से साठतात. मी काही ते गोळा करायला जात नाही, मला तर वैताग येतो! पण साखरा गावच्या ग्यानबामामांनी चार दिवसांत जेवढे दिले, तेवढे सगळ्या नाक्याने मिळून दिले नसतील.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मामांची पिकअप लिलावात घेतलेली, म्हातारी. तिच्यात शेळ्या घालून ते बाजार करायचे. गुरुवारी हिंगोलीत गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओच्या साहेबांची तपासणी होती आणि थोरल्या भावाने बजावलं होतं, "औंदा नापास झाली की भंगारात!" मामा सोमवारी सकाळीच माझ्यापुढे उभे. "मिस्त्री, समदी वायरिंग नवी टाका. गाडी गेली तर म्या घरात बसून करू काय?"

*

आधी जुनी वायरिंग ओढून काढली. एक तुकडा विहिरीवरच्या मोटारीचा, एक रेडिओचा, आणि मागच्या दिव्याला चक्क लग्नाच्या मांडवातली माळ! तिला तीन रंगीत बल्ब अजून लटकत होते.

"मामा, हे बल्ब काहून ठेवले?"

"मागचा दिवा गेलाच, तर हे हायेत की!"

*

नवी वायरिंग मामांनी आधीच नांदेडहून मागवून ठेवली होती. पट्टी गुंडाळलेला अख्खा जुडगा, आणि कुठला रंग कुठे जोडायचा त्याचा एक कागद. कागद स्टुलावर ठेवून मी हात धुवायला गेलो.

मामांनी सोबत शेळी आणली होती. गाभण होती, घरी ठेवायला जीव धजेना म्हणे. मी परत आलो तर कागदाचा फक्त एक कोपरा उरलेला! मी जाम ओरडलो. मामांनी शांतपणे शेळीचं तोंड उघडून पाहिलं.

"आता तिलाच इचारा, मिस्त्री. समदं तिच्या पोटात हाय."

मग टेस्ट लॅम्प लावून एकेक वायर शोधत बसलो. त्यात अख्खा दिवस गेला.

*

मंगळवारी मामांना धीर निघेना. "झालं का? आता तरी झालं का?" शेवटी वैतागून मी त्यांच्या हातात एक वायर दिली. "ही धरा. सोडली तर गाडी जळंल!" ती वायर कशालाच जोडलेली नव्हती. मी निवांत चहाला गेलो आणि गप्पांत अडकलो.

परत येऊन पाहतो तर मामा तसेच उभे! हात ताठ, नाकावर माशी, पण हाकलायची हिंमत नाही. मला फार लाज वाटली. वायर काढून घेतली आणि म्हणालो, "झालं मामा, बसा आता."

बुधवारी आल्या आल्या मामांनी विचारलं, "कालचीच धरू, का दुसरी देता?"

*

बुधवारी दुपारपर्यंत सगळे दिवे लागले. मी जेवून आलो, तर एकही लागेना! मामांनी तेवढ्यात दिवे खोलून त्यांच्या खालचा पत्रासुद्धा चंदेरी रंगाने रंगवून काढला होता. दिव्याला आर्थिंग मिळतं ते त्या उघड्या पत्र्यातूनच. वर रंग बसला की करंट बंद!

"साहेबाला गाडी नवी दिसाय पायजे ना!" मामा म्हणाले.

मी पाना फेकला. तोंडाला येईल ते बोललो. मामा पायरीवर बसले आणि हळूच म्हणाले, "भाऊ भंगार भंगार मनतो. गाडीला मनतो का मला, कळंना."

माझा राग तिथेच उतरला. दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत काचकागदाने पत्रा घासला.

*

गुरुवार. हिंगोलीत मैदानावर गाड्यांची रांग. मामा स्टेअरिंगवर, मी खाली साहेबांच्या शेजारी. हेडलाइट लागला, हॉर्न वाजला, ब्रेकचा दिवा लागला. मी देवाला हात जोडत होतो.

"डावा इंडिकेटर दाखवा," साहेब म्हणाले.

उजवा लागला!

"डावा हो!"

पुन्हा उजवा. "बरं, उजवा दाखवा." लगेच डावा लागला. साहेब माझ्याकडे वळले, "काय मिस्त्री, वायरी उलट्या जोडल्या का?"

गेली गाडी! वायरी बरोबर होत्या. पण जुन्या वायरिंगमध्ये डावं-उजवं उलटं होतं, आणि मामांच्या हाताला कैक वर्षं तीच सवय. आता हे साहेबांना कसं सांगायचं? एवढ्यात मामांनीच खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"साहेब, चूक माह्या हाताची हाय. गाडीला पास करा, नापास करायचं तर मला करा!"

साहेबांनी स्वतः आत वाकून बटण दोन्हीकडे फिरवून पाहिलं. हसू दाबत सही केली. "गाडी पास. पण आज घरी मिस्त्री नेतील. तुम्ही बाजूला बसा."

मग मी गाडी चालवायला बसलो. मामा शेजारी, पासिंगचा कागद छातीशी धरून. पुसेगावच्या पुढे एका वळणावर मी डावा इंडिकेटर दिला, तसा मामांनी घाबरून माझा हात धरला.

"मिस्त्री, उलटा देऊन राहिले ना तुमी!"