माझी चार मिनिटं

त्यांनी माझ्या डोक्यावर घमेलं ठेवलं. नवं कोरं. किमतीचा स्टिकरसुद्धा काढलेला नव्हता. सिविक सेंटरजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून खास माझ्यासाठी मागवलं होतं म्हणे.

"दीदी, इसको पकड़ के बोलिए ना. पब्लिक कनेक्ट करेगी," प्रश्न विचारणारी पोरगी म्हणाली. माझ्या मुलीच्या वयाची. केस मोकळे, नखं रंगवलेली, आवाजात साखर.

मी पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीची उमेदवार होते. फॉर्म भरला होता, चिन्ह मिळालं होतं. अंगावर लग्नाकार्याला नेसायची साडी होती. आणि टीव्हीच्या त्या स्टुडिओत, एसीच्या गारठ्यात, डोक्यावर रिकामं घमेलं घेऊन मी उभी राहिले. जबरदस्ती कोणी केली नाही. त्यांनी ठेवलं, मी धरलं. एकोणीस वर्षं इथल्या स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे काम केलंय. डोक्यावर कोणी काही ठेवलं की मान आपोआप ताठ होते.

हा लोकल केबलवाल्यांचा चॅनल. मालक कोण, तर आमच्या वॉर्डाच्या जुन्या पार्षदाचा साळा. या पार्षदाला सगळे भैय्यासाहेब म्हणतात. निवडणूक लागली तसे भैय्यासाहेब सकाळ-संध्याकाळ टीव्हीवर. मंदिरात भैय्यासाहेब, शाळेत भैय्यासाहेब, नालीच्या काठावर नाकाला रुमाल लावून भैय्यासाहेब. दुसऱ्या एका उमेदवाराने जिल्ह्याच्या गावी, दुर्गला जाऊन निवडणूक अधिकाऱ्याकडे तक्रार केली. मग चॅनलवाल्यांना लेखी सांगण्यात आलं की वॉर्डातल्या पाचही उमेदवारांना सारखा वेळ द्या, आणि तो मिळाला अशी प्रत्येकाची सही घ्या. एकाचीही सही नसेल तर कार्यक्रम दाखवायचा नाही. प्रत्येकाला चार मिनिटं ठरली.

मला केवढा आनंद झाला होता! आठ दिवस मी शेजारच्या सुनीताच्या मोबाइलवर वेळ लावून सराव केला. सुनीता माझ्याच गँगमध्ये काम करते. मला एकच गोष्ट सांगायची होती. आमची वस्ती मरोद्याच्या अंगाला. नळ नाही. टँकर येतो तो सकाळी अकराला, आणि अकराला आम्ही बाया प्लांटच्या आत असतो. ज्यांच्या घरी त्या वेळी कोणी असतं त्यांचे ड्रम भरतात. आम्ही संध्याकाळी येतो आणि हंडा घेऊन दारोदार फिरतो. टँकर भैय्यासाहेबांच्याच माणसाचा. किती अर्ज दिले! उत्तर एकच, वेळ वरून ठरते, बदलत नाही. हे सगळं मी तीन मिनिटं पन्नास सेकंदांत बसवलं होतं.

आणि मूर्खपणा केला तो दारातच. आत शिरताना एकाने कागद पुढे केला. 'मुझे अन्य उम्मीदवारों के बराबर चार मिनट का समय मिला.' मी सही ठोकली. बोलायच्या आधी! आमच्या गेटवर हेच चालतं. आधी सही, मग आत. सुपरवायझर कधी कधी अख्ख्या आठवड्याच्या सह्या सोमवारीच घेतो. हाताला तीच सवय. बाकीच्या उमेदवारांनी बोलून झाल्यावर सही केली. तेवढी अक्कल त्यांना होती.

समोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ चालू झालं.

पहिला प्रश्न, "घर में कौन-कौन है?" दुसरा, "चुनाव लड़ने की परमिशन पति ने दी?" तिसरा, थकून घरी गेल्यावर स्वयंपाक कोण करतं? मी पटापट उत्तरं देत होते. वाटलं, आता विचारेल, आता विचारेल. मग ती हसून म्हणाली, "दीदी, काम करते-करते गाती होंगी ना? दो लाइन सुना दीजिए."

मी गायले. हो, गायले. आईच्या तोंडच्या दोन ओळी, डोक्यावर घमेलं धरून. कॅमेऱ्यामागचा माणूस तोंड दाबून हसत होता. आज हे लिहिताना माझीच मला लाज वाटते.

मग मी बोलायला लागले, "हमारे यहाँ टैंकर ग्यारह बजे..." आणि घंटी वाजली.

"बहुत सुंदर, दीदी. हो गया."

"अभी तो मैंने शुरू किया."

"चार मिनट हो गए. घड़ी सबके लिए एक है. साइन भी है आपका."

बाजूच्या सोफ्यावर भैय्यासाहेब बसले होते. पुढचा नंबर त्यांचा. पांढरे कपडे, अत्तराचा भपका, हातात छापलेला कागद. त्यावर त्यांना विचारायचे प्रश्न होते. आदल्या दिवशीच घरपोच झाले असणार. मला स्वयंपाक आणि यांना विकास. आणि या माणसाला दया आली. एक बोट वर करून ते म्हणाले, "अरे, दे दो बेचारी को. मेरे में से एक मिनट काट लो."

सगळे खूश. ती पोरगी तर 'वाह सर' म्हणाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी हात जोडते की नाही म्हणून.

तेव्हा माझ्या आत काहीतरी फाटलं. घमेलं डोक्यावरून काढलं आणि त्यांच्या काचेच्या टेबलावर आदळलं. राग आला की माझ्या तोंडून घरची मराठीच निघते.

"तुमचं मिनिट मले नाई पाह्यजे. माहे चार कुठी हायेत?"

"क्या बोल रही है ये?" भैय्यासाहेबांनी विचारलं. पंधरा वर्षं आमची मतं खाल्ली आणि आमचं एक वाक्य कळत नाही.

मी हिंदीत सांगितलं, "आपका मिनट आप रखिए. मेरे चार दीजिए."

घड्याळ कोणी परत लावलं नाही. मी दाराजवळच्या टेबलावरचा कागद उचलला आणि त्यांच्याच पेनने माझी सही खोडली. एकदा नाही. कागद फाटेपर्यंत. गार्डने दंडाला धरून मला बाहेर काढलं. ऑटोत बसले तेव्हा डोकं हलकं होतं.

माझी सही नाही म्हणून आमच्या वॉर्डाचा कार्यक्रम अडकला. ज्यांचा चेहरा चमकवायचा होता त्या भैय्यासाहेबांचाही अडकला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भैय्यासाहेबांचा माणूस दारात. चप्पल न काढताच आत आला.

"भाभी, एक साइन कर दो. कल से आपकी गली में टैंकर शाम छह बजे."

मी विचारलं, "कल से?"

"भैया का एक फोन है बस."

एक फोन! इतकी वर्षं जी वेळ वरून ठरत होती, जी हलत नव्हती, ती एका फोनवर हलत होती. आमची लेकरं शाळेतून येऊन कोरड्या घशाने बसत होती, तेव्हाही भैय्यासाहेबांच्या खिशात तो फोन होता. मला त्यांची भीती वाटायची. त्या क्षणी ती गेली. किळस तेवढी उरली.

सुनीता दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "करून टाक नं वं सही. तुह्या टीवीचं काय लोणचं घालतं? पानी त येईन."

"आज सहीसाठी देऊन राह्यला, सुनीते. उद्या आनखी कायसाठी बंद करन."

"उद्याचं उद्या पाहू. मले आज पानी भरा लागते."

तिचं खोटं नव्हतं. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, रोजचे तीन हंडे तिलाच जास्त लागतात. मी तिच्याकडे न बघता त्या माणसाला सांगितलं, "नहीं करूँगी. जाके बोल देना."

टँकर अकरालाच येत राहिला. सुनीता माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. गँगमध्येही दूर उभी राहायची. मला ते फार लागलं. कार्यक्रम दाखवला गेला नाही. भैय्यासाहेब निवडून आले, गुलाल उडाला, डीजे आमच्याच गल्लीतून गेला. मी पडले. सपाटून पडले.

पण मी घरी बसलेले नाही. दर रविवारी एका गल्लीत जाते. बायांना जमवते आणि त्या माणसाने माझ्या घरात उभं राहून जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगते, की तुमच्या पाण्याची वेळ एका फोनवर बदलते आणि तो फोन मुद्दाम केला जात नाही. कोणी ऐकतं, कोणी उठून जातं. भैय्यासाहेबांचा माणूस मोटरसायकल लावून कोपऱ्यावर उभा असतो. असू दे उभा. त्याच्यासमोरच त्यांचं नाव घेते. पुढच्या वेळी मी परत फॉर्म भरणार आहे. सगळ्यांना सारखा वेळ द्यायचा तर त्या चॅनलला मला परत बोलवावंच लागेल, आणि मी जाणार आहे. तिथं काय विचारायचं ते त्यांनी विचारावं. मी टँकरचंच बोलणार.