कामाला जातो, असं सांगितलं

स्वतःविषयी लिहावं असं मी काहीच केलेलं नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दुसऱ्या वर्षी माझ्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीन दिवस घाटकोपरला डायलिसिस सुरू झालं. तिथे मी पेशंट होतो आणि घरीही पेशंटच. आई माझी भाजी वेगळी, अळणी करायची, बाबा पाणी मोजून द्यायचे. फक्त वर्गात मी पूर्वीचाच होतो. म्हणून गैरहजेरीचं कारण तिथे सांगितलं, साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये कामाला जातो.

"काय शेठ, आज कामाला सुट्टी? पार्टी कधी देतोस रे?" बाकावरचा मित्र चिडवायचा. ते मला फार आवडायचं. सुयांच्या खुणा झाकायला मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचो. डॉक्टरांनी दिलेलं सर्टिफिकेट बॅगेतच राहिलं. कॉलेजच्या ऑफिसात दिलं असतं, तर वर्गात कळलं असतं.

परीक्षेच्या आठ दिवस आधी मित्राचा फोन आला. "अरे, नोटीस लागलीय. हजेरी कमी म्हणून तुला परीक्षेला बसू देणार नाहीत. मी विचारलं ऑफिसात. कामाचं कारण चालत नाही म्हणाले. आजारी असतास तर सोडलं असतं, पण त्या अर्जाची मुदतही काल संपली."