शेवटच्या पंगतीतला टोपीवाला

भिवापूरच्या मिरचीची फोडणी नाकात गेली, की मला तो टोपीवाला आठवतो. मी तेव्हा इतवारीत लग्नांचा स्वयंपाक घ्यायला नुकती सुरुवात केली होती. लागोपाठ तिसऱ्या लग्नात तो अनोळखी माणूस शेवटच्या पंगतीत बसला होता, वरण आधी हुंगत, मग चाखत. माझा मसाला ओळखायला दुसऱ्या आचाऱ्यानंच धाडला असणार! मी दरडावून विचारलं, "का गा भाऊ, तुम्ही नवरीकडचे का नवरदेवाकडचे?" "कोणाचाच नाही. माह्या पोरीचं लग्न आहे. शेवटच्या पंगतीले तुम्ही वरणात पाणी घालता का, ते पाहून राहिलो." पोरीच्या लग्नाचा स्वयंपाक त्यानं मलाच दिला. आता लग्नांचा स्वयंपाक माझा मुलगा घेतो, आणि शेवटच्या पंगतीत मी जाऊन बसतो. वरण आधी हुंगतो.