ताईचं ‘हं’

भाऊजींची डावी बाजू गेली त्याला दोन वर्षं होतील. हातपाय शाबूत, वाचा शाबूत, जीभ तर आधीपेक्षा जास्त चालते. गेलं ते फक्त दिसणं, तेही अर्धं. मेंदूला झटका आला आणि दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसेनासं झालं. ताटातली उजवीकडची भाजी संपवायची आणि ओरडायचं, “आज भात वाढलाच नाही की काय?” ताई नुसतं ताट गोल फिरवते. भात समोर येतो, भाऊजी जेवतात. मी असते तर ताट डोक्यात घातलं असतं.

ताई माझी थोरली बहीण. कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. तिच्या हातची कॉलर मुकादम परत पाठवून दाखवू दे! ते काम सुटलं. भाऊजींना घरात बसवत नाही, आणि बाहेर पडले की डावा खांदा कुठे ना कुठे आपटतो. दार, खांब, उभी सायकल. म्हणून ताई कायम त्यांच्या डावीकडे. काही आडवं आलं की ती घशातल्या घशात म्हणते, “हं.” ते उजवीकडे सरकतात. डोळ्यांत तेल घालून दिवसभर हेच. परवा भाजी निवडता निवडता तिला डुलकी लागली, तर झोपेतही “हं” म्हणाली. मला आधी हसू आलं, मग रडू.

डोळ्यांच्या दवाखान्यात नव्या चष्म्याची चाचणी आहे असं कळलं, तेव्हा भाऊजींचं नाव मीच दिलं. त्याच्या काचेत एक तिरपी पट्टी असते, ती डावीकडचं उचलून समोर दाखवते. तो चालला तर भाऊजी एकटे फिरतील आणि ताई कामावर जाईल. मुकादमाचा निरोप आला होता, तुझी जुनी मशीन रिकामी झालीय, महिनाभर थांबतो, मग तिच्यावर दुसरी बसेल.

चाचणी घेणारी पोरगी गोड होती. खोलीत खोकी मांडलेली, वरून पुठ्ठे टांगलेले. आधी भाऊजी चष्म्याशिवाय चालले. ताई तेव्हा खाली कागदांवर शिक्के घ्यायला गेली होती. डावीकडचं एकही खोकं त्यांनी सोडलं नाही.

“फुटबॉल खेळताय का, भाऊजी?” मी म्हटलं.

मग चष्मा चढवला, खोक्यांच्या जागा बदलल्या. तोवर ताई येऊन दारात उभी राहिली. आणि काय सांगू, एकाही खोक्याला धक्का नाही! पोरगी नाचायचीच बाकी होती. भाऊजींची छाती फुगली. ताईने भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

पण मी तिला खेटून उभी होते. मी ऐकलं होतं.

गप्प बसले असते, तर ताई कामावर गेली असती आणि भाऊजी एखाद्या गाडीखाली. तिला बाजूला घेतलं. “ताई, तू हं हं करत होतीस.”

“मी? काहीतरीच काय!” तिने गळ्यावर हात ठेवला. मग तिचा चेहरा उतरला. कशाला बोलले, असं झालं मला. पण ताई ती ताई. सरळ पोरीकडे गेली. “पुन्हा घ्या. मी बाहेर थांबते.”

पहिल्याच खोक्यावर पाय आपटला. दुसऱ्याच्या अलीकडे भाऊजी नुसतेच थांबले, कान टवकारून. चष्म्यात खोकं दिसत होतं त्यांना. पोरीने विचारल्यावर बोटाने दाखवलंही. पण स्वतःहून बघायची सवयच मोडली होती.

“चष्मा काम करतोय,” पोरगी म्हणाली, “पण यांनी त्यातून बघायला हवं. महिनाभर घेऊन जा. आणि ताई, तुम्ही गप्प राहायचं. थोडं लागेल त्यांना, लागू द्या.”

लागू द्या म्हणे! सांगायला काय जातं?

घरी निघालो. भाऊजी पुढे, ताई माझ्याबरोबर मागे. कोपऱ्यावर डावीकडे एक हातगाडी उभी होती. मी ताईकडे पाहिलं. तिने रुमाल तोंडावर घट्ट दाबून धरला होता. भाऊजींचा खांदा दणकन आपटला.

“आई गं!” ते कळवळले. मग नेहमीच्या डाव्या बाजूला तोंड करून ओरडले, “अगं, कुठे मेलीस?”

ताई रस्त्यात उभी राहून रडत होती, रुमाल तसाच दाबून. तिचा नुसता हुंदका ऐकू आला असता, तरी ते पुन्हा तिच्याच भरवशावर चालायला लागले असते.